न गाणारे अण्णा

अण्णांना गाता येत नाही, आणि ही गोष्ट ते कुणी विचारायच्या आत सांगून टाकतात. “आपण गीतकार. गळा हे आपलं खातं नव्हे,” असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर खंत वगैरे काही नसते. सारी हयात वीज मंडळात गेल्यामुळे खात्यांची वाटणी त्यांना मनापासून पटते. लाइनमनने बिलं वाटायची नाहीत, बिलिंगवाल्याने खांबावर चढायचं नाही आणि गीतकाराने गायचं नाही.

मग पुढचा ठरलेला सवाल येतो : “गदिमांनी कुठे गायलं?”

या सवालापुढे बोलती बंद होते. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं आणि वर्षभरात ५६ गाणी झाली. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. गदिमांनी सिनेमात कामं केली, पटकथा लिहिल्या, पण गाणं बाबूजींवर, म्हणजे फडक्यांवर, सोपवलं आणि त्यामुळे कुणाचंच काही बिघडलं नाही. गदिमांच्या पाठोपाठ अण्णा पी. सावळारामांना पुढे करतात. ते तर आमच्या ठाण्याचे, इथले नगराध्यक्षही होते. शब्द त्यांचे, चाल वसंत प्रभूंची आणि आवाज लताबाईंचा. मग जगदीश खेबूडकर येतात, ते शाळामास्तर. मग शांताबाई शेळके, त्या प्राध्यापक. या यादीत सुरेश भटांचं नाव मात्र येत नाही. भट आपल्या गझला स्वतःही गात, आणि अण्णांच्या हिशेबी हा शिस्तभंग आहे.

गदिमांना जवळची मंडळी अण्णा म्हणत. आमच्या अण्णांना नोकरीत असेपर्यंत सगळी सोसायटी ‘साहेब’ म्हणायची. निवृत्तीनंतर साहेबांचे अण्णा कधी आणि कसे झाले, हे कुणालाच नेमकं सांगता येत नाही. काकूंनी हा बदल अजून मंजूर केलेला नाही. त्या ‘अहो’ म्हणतात, आणि फार चिडल्या की ‘कविराज’.

अण्णांच्या युक्तिवादात एकच अडचण आहे, आणि ती दाखवून देण्याइतका निर्दय शेजारी आमच्या इमारतीत नाही. गदिमांकडे बाबूजी होते. सावळारामांकडे वसंत प्रभू होते आणि प्रभूंच्या पुढ्यात लताबाई होत्या. अण्णांकडे भाचा आहे आणि भाच्याकडे लॅपटॉप आहे.

खरं तर अशा न गाणाऱ्या गीतकारांचं दुःख समजून घ्यायला हवं. ज्याला गाता येतं तो लग्नात, सहलीत, गच्चीवर कुठेही गाऊन मोकळा होतो. कवीला कविसंमेलन आहे, कथालेखकाला दिवाळी अंक आहे. गीतकाराने लिहिलेलं मात्र दुसऱ्याने चाल लावल्याशिवाय, तिसऱ्याने गायल्याशिवाय, चौथ्याने वाजवल्याशिवाय आणि पाचव्याने पैसे घातल्याशिवाय जन्मालाच येत नाही. नाटककाराचीही अशीच पंचाईत असते म्हणावं, तर नाटक निदान पुस्तक म्हणून छापता येतं. गाण्याचे शब्द छापले की वाचक त्याला कविता समजतात आणि कवी त्याला कविता मानत नाहीत. असे वहीत अडकून पडलेले गीतकार महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात आहेत. बँकेत आहेत, पोस्टात आहेत, झेडपीच्या शाळेत आहेत, आणि हल्ली आयटीतही निघतात. एकमेकांना भेटले की ते ‘हल्ली गाण्यात शब्द कुठे राहिलेत’ इथून सुरुवात करतात आणि चहा संपेपर्यंत आपापल्या वह्या काढतात.

अण्णांची वही जाडजूड, मंडळाच्या जुन्या लेजरची. डाव्या समासात, जिथे पूर्वी ग्राहक क्रमांक असायचा, तिथे गीत क्रमांक. उजव्या समासात सूचना : ‘दादरा. संथ. पावसाळी.’ किंवा ‘केरवा. स्त्री-आवाज. शक्यतो आशाबाई.’ हे ‘शक्यतो’ मला फार आवडतं. चोरीची भीती तर इतकी, की चार-पाच गाणी झाली की ते ती पाकिटात घालून स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवीत. पोस्टमन सही घेऊन पाकीट देई आणि अण्णा ते न फोडता कपाटात ठेवीत. पोस्टाचा शिक्का हा तारखेचा पुरावा, उद्या मुंबईतल्या कुणी बड्या गीतकाराने ओळ उचलली की कोर्टात पाकीट फोडायचं. कायद्यात या पाकिटाला काही खास मान नाही. लिहिल्या क्षणीच हक्क लिहिणाऱ्याचा होतो, आणि नोंदणीच करायची तर कॉपीराइट ऑफिसात एका साहित्यकृतीला ५०० रुपये भरून ती होते. हे त्यांना समजावलं तर म्हणाले, “वहीत तीनशेच्या वर गाणी आहेत. गुणाकार तुम्हीच करा.” पुढे २०२५ साली टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं. सोसायटीत त्याचं खरं दुःख अण्णांना झालं.

कॅसेटचा जमाना होता तेव्हा अण्णांनी एकदा वही फोडली होती. दादरच्या एका कंपनीने ‘खर्च तुमचा, लेबल आमचं’ असा सौदा केला. प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज निघालं, आठ गाणी झाली, नाट्यगृहाच्या छोट्या सभागृहात प्रकाशन झालं, नारळ फुटला. कॅसेटच्या कागदावर गायकाचा फोटो टपाल तिकिटाएवढा आणि गीतकाराचा पासपोर्टएवढा होता, कारण पैसे गीतकाराचे होते. विक्रीचं पुढे काय झालं, हे काकूंना विचारावं. त्यांच्या दिवाणाच्या पोटात अजून गठ्ठे आहेत आणि दर दिवाळीच्या साफसफाईत ते बाहेर येऊन परत आत जातात. गीतकाराकडूनच पैसे घेऊन गीतकाराला प्रकाशात आणणारी ही जात कॅसेटबरोबर संपली नाही. हल्ली ती फोनवर ‘सर, आम्ही तुमचं गाणं व्हायरल करतो’ म्हणते.

त्यानंतर बरीच वर्षं अण्णांचे शब्द हवेत गेले ते फक्त दोन मार्गांनी. पहिला गणपती. नाक्यावरच्या मंडळाला ‘आपल्या राजाचं’ गाणं हवं होतं. अट एकच, अंतऱ्यात नगरसेवकांचं नाव यायला पाहिजे. नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव मिळून अकरा अक्षरं. अण्णांनी ओवी, अभंग, दिंडी असं सगळं करून पाहिलं, नाव कशातच बसेना. शेवटी फक्त ‘भाऊ’वर तडजोड झाली. दुसरा मार्ग निवडणुकीचा. प्रचारगीत हा गीतकारांचा रोजगार आहे आणि त्यात रोखीने पैसे मिळतात, कारण निकालानंतर उधारी बुडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. अण्णांचं प्रचारगीत रिक्षावर कर्णा लावून सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत वाजलं. त्यांची बाकी सगळी गाणी मिळून लोकांनी जितक्या वेळा ऐकली नसतील, तितक्या वेळा ते एका प्रभागात ऐकलं गेलं. उमेदवार पडला. गाणं लिहिलं कुणी, हे रिक्षावाल्यालाही माहीत नव्हतं आणि त्या वेळी तेच बरं होतं.

मग भाच्याने लॅपटॉप उघडला आणि आता कंपनीबिंपनी काही लागत नाही, अशी घोषणा केली. गाणं तयार करायचं, एखाद्या वितरकाच्या साइटवर चढवायचं, की ते स्पॉटिफायपासून जिओसावनपर्यंत सगळीकडे जातं. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरी क्रमांक मिळतो. हे ऐकून अण्णांचं समाधान झालं. क्रमांक असला की खातं असतं, खातं असलं की दाद मागता येते.

अडचण एवढीच की गाणं आधी तयार करायला हवं होतं. त्यासाठी संगीतकार गाठला. कळव्यात कीबोर्डचे क्लास घेणारे एक मास्तर. अण्णांनी वही पुढे केली. मास्तरांनी ती आदराने मिटली, बाजूला ठेवली आणि म्हणाले, “चाल तयार आहे. शब्द टाका.”

गीतकाराच्या स्वाभिमानाला इथे पहिला धक्का बसतो. आधी शब्द आणि मग चाल, हा क्रम त्याने मनात पक्का धरलेला असतो. धंद्यात बरेचदा उलटं चालतं. चाल आधी होते, तिच्यावर संगीतकार काहीबाही डमी शब्द टाकून ठेवतो आणि गीतकाराने त्या मापाने शब्द बसवायचे असतात. मास्तरांची डमी ओळ भाजीवर होती. ‘मेथीची जुडी गं, मेथीची जुडी.’ अण्णांनी आठवडाभर झटून तिथे ‘नीलिमा उरी गं, नीलिमा उरी’ आणलं. मास्तरांनी दोन्ही गाऊन पाहिलं, जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “अण्णा, राग मानू नका, पण मेथी जास्त चांगली बसते.”

रेकॉर्डिंगला मी होतो. स्टुडिओ म्हणजे वन-बीएचकेची बेडरूम, भिंतींना काळा स्पंज ठोकलेला, खिडकीवर जाड गोधडी, माइक चालू असेल तेव्हा पंखा बंद. गाणारी मुलगी आंतरमहाविद्यालयीन सुगम संगीत स्पर्धेत बक्षिसं मिळवलेली, गुणी. तिने कागद वाचला आणि नम्रपणे विचारलं, “काका, ‘स्निग्धक्षितिजतट’मध्ये श्वास कुठे घेऊ?”

“कवितेत श्वास वाचकाने आपल्या सोयीने घ्यायचा असतो,” अण्णा म्हणाले.

“पण मी गाणार आहे.”

काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, “आणि ‘तट’वर लांब सूर आहे मास्तरांचा. ‘ट’ कसा लांबवणार? तिथे आकार द्या काहीतरी. ‘किनारा’ करा.”

“तट म्हणजेच किनारा,” अण्णा.

“मग प्रॉब्लेम काय?”

न गाणाऱ्या गीतकाराची खरी मेख इथे आहे. त्याचे कान तयार असतात, पण जीभ आणि फुप्फुसं कधी कामाला लागलेली नसतात. लांब सुरावर उघडा स्वर हवा, जोडाक्षर समेवर आपटलं की गायकाचं तोंड वेडंवाकडं होतं, ‘फ’ आणि ‘भ’ माइकवर फाट् करून फुटतात, हे वहीत दिसत नाही. जुने गीतकार न गाता हे जाणत, कारण ते चाल होताना संगीतकाराच्या पेटीजवळ बसलेले असत. अण्णा बसले ते थेट रेकॉर्डिंगला, तेही पंखा बंद असताना. दोन तास घासाघीस झाली. ‘स्निग्ध’ गेलं, ‘क्षितिज’ गेलं, ‘तट’चा किनारा झाला. मधे शेजारच्या स्वयंपाकघरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि चांगला आलेला टेक वाया गेला. घामाने निथळत अण्णा मला म्हणाले, “गदिमांना हे सहन करावं लागलं नसेल.” बाबूजींचा लौकिक ऐकून असल्यामुळे मी काही बोललो नाही. शब्दाच्या उच्चारात तसूभर चूक खपवून न घेणारा तो माणूस, गीतकाराला तरी सोडत असेल का?

गाणं चढवायची वेळ आली तेव्हा भाच्याच्या फॉर्मवर एक रकाना आला : मुख्य कलाकार. “माझं नाव टाक,” अण्णा म्हणाले. भाच्याने समजावलं की मुख्य कलाकार म्हणजे गाणारा. संगीतकाराचा रकाना वेगळा, गीतकाराचा वेगळा. अण्णांनी तिन्ही रकाने चष्मा काढून, चष्मा लावून तपासले आणि मग गीतकाराच्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट आणि कंसात ‘ठाणे’ असं टाकलं. साइटने कंस नाकारला.

आता जे सांगतो ते अण्णांचं मर्म आहे. त्यांना पैसे नकोत असं नाही, प्रसिद्धी नको असंही नाही. पण त्यांना खरं हवं आहे ते वेगळंच. रेडिओवर गाणं लागायच्या आधी निवेदिका सांगते : गीत अमुक, संगीत तमुक, स्वर अमक्याचे. त्या ‘गीत’ या शब्दानंतर क्षणभर थांबून जे नाव येतं, त्या जागेवर अण्णांना बसायचं आहे. मुलाखत, हार, शाल यातलं काही दिलं नाही तरी चालेल. आकाशवाणीने मराठी घराघरांत ही सवय लावली, म्हणून ज्यांनी कधी कवितेचं पुस्तक हातात धरलं नाही अशा माणसांनाही योगेश्वर अभ्यंकर आणि राजा बढे ही नावं माहीत होती. ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ २०२३ साली राज्यगीत झालं तेव्हा शाहीर साबळ्यांचा आवाज सगळ्यांनाच आठवला, पण बढ्यांचं नाव आठवलं ते रेडिओ ऐकलेल्यांना.

ॲपवर निवेदिका नाही. गाणं सुरू होतं, गाणाऱ्याचं नाव दिसतं आणि पुढचं गाणं लागतं. लिहिणाऱ्याचं नाव बघायचं तर गाण्याशेजारचे तीन ठिपके दाबायचे, मग खाली सरकत जायचं, मग ‘क्रेडिट्स’ दाबायचं. अण्णांचं पहिलं गाणं आलं त्या महिन्यात ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला हा विधी शिकवीत होते. दुसऱ्या मजल्यावर राहणारा माणूस आमच्याबरोबर सातव्यापर्यंत यायचा. “दाबा. तीन ठिपके. आता खाली. आणखी खाली. हां, थांबा. वाचा.” आणि समोरच्याने वाचेपर्यंत लिफ्टचं दार पायाने धरून ठेवायचे. वाचायचं मोठ्याने. मनात वाचलेलं ते धरत नसत.

मधे काही दिवस एआयचा फेरा आला. शब्द टाका, मिनिटभरात गाणं मिळतं. गायक नको, मास्तर नको, पंखा चालू ठेवला तरी चालतो. अण्णांना वाटलं, न गाणाऱ्यांचा दिवस उगवला. पण यंत्राने ‘चांदणं’मधला च चिवड्यातल्या चसारखा म्हटला आणि ‘सावळा’चा ‘सावला’ केला. अण्णांनी यंत्राला लेखी सूचना दिल्या. यंत्राने पुढच्या वेळी ‘सावडा’ म्हटलं. शिवाय फुकटच्या खात्यावर केलेलं गाणं बाजारात आणायला अशा बऱ्याच ॲपवाल्यांची परवानगी नसते, हे भाच्याने बारीक अक्षरांत वाचून दाखवलं. “आणि गीताच्या पुढे माझं नाव आलं तरी ‘स्वर’ कुणाचे म्हणून सांगणार?” अण्णांनी विचारलं. गळा हे दुसऱ्याचं खातं, पण ते रिकामं ठेवलेलंही त्यांना चालत नव्हतं.

आणि मग दादा आले. आमच्याकडे ठाणे-रायगडच्या पट्ट्यात आगरी-कोळी गाण्यांचा, त्यातही हळदीच्या गाण्यांचा मोठा बाजार आहे. यूट्यूबवर स्वतःचं चॅनल, स्वतःचा कॅमेरा, स्वतःचा डीजे. गाणं मुंबईच्या कुठल्याही कंपनीच्या दारात न जाता थेट मांडवात वाजतं. दादा अशा चॅनलचे मालक. गणपतीचं गाणं ऐकून त्यांनी अण्णांना शोधून काढलं होतं. अण्णांनी भावगीतांची वही उघडली. दादांनी एक पान वाचलं, दुसरं वाचलं आणि म्हणाले, “अन्ना, शब्द एक नंबर. पन हलदीला यावर नाचल कोन?”

अण्णा दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं. करवल्या आल्या, परात आली, नवरदेवाचा मामा आला, मामाच्या मिशीला लागलेली हळद आली. खरं सांगतो, चांगलं लिहिलं होतं. एकही जोडाक्षर समेवर नव्हतं, ओळीच्या शेवटी उघडा आकार होता. कळव्याच्या बेडरूममध्ये घाम गाळल्याचा उपयोग झाला होता. पण गीतकार म्हणून नाव द्यायची वेळ आली तेव्हा अण्णा दचकले. भावगीतकाराची प्रतिष्ठा, शिवाय काकूंच्या भिशीतल्या बायका. त्यांनी टोपणनाव दिलं : दर्यासारंग. गेटवेहून एलिफंटाला जाणाऱ्या लाँचमध्ये ज्यांना उलटी झाली होती, ते अण्णा दर्यासारंग झाले.

गाणं धो धो चाललं. घोडबंदरपासून अलिबागपर्यंत एक हळद त्याच्यावाचून पुरी होईना. आमच्याच सोसायटीच्या गच्चीवर एका लग्नात ते लागलं आणि डीजेने माइकवरून आरोळी ठोकली, “शब्द दर्यासारंगचे, टाळ्या!” आयुष्यात पहिल्यांदा गाण्याच्या आधी गीतकाराचं नाव पुकारलं गेलं आणि तो गीतकार कोपऱ्यात खुर्चीवर जिलबी हातात घेऊन मुकाट बसला होता. काकू नाचत होत्या.

तेव्हापासून अण्णा कायदा वाचतात. बिलिंगचा माणूस, एकदा पुस्तक हातात घेतलं की कलमासकट पाठ. १९५७चा कॉपीराइट कायदा आणि त्यातली २०१२ची दुरुस्ती ते आता सकाळच्या फेरीत ऐकवतात. त्या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले होते, याचा त्यांना अभिमान आहे. स्वतःही सभागृहात हजर असल्याच्या थाटात सांगतात. दुरुस्तीचा मथितार्थ असा, की गीतकाराने गाण्याचे हक्क कंपनीला लिहून दिले तरी रॉयल्टीतला समान वाटा त्याचाच राहतो, तो लिहून देताच येत नाही. द्यायचा तर वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला. ही सोसायटी म्हणजे १९६९ साली स्थापन झालेली आयपीआरएस. तिचं सभासद व्हायला गाता यावं लागत नाही, लिहिलेलं गाणं बाजारात आलेलं असावं लागतं. दादांनी तर कागदच केला नव्हता, नारळ आणि पाकीट दिलं होतं. लेखी कराराशिवाय हक्क हस्तांतरित होत नाहीत, म्हणजे शब्द अजून अण्णांचेच! त्या दिवशी सकाळच्या फेरीत अण्णा आमच्या पुढे चालत होते.

दुसऱ्या दिवशी मागे पडले. कलम ५२ वाचलं होतं. धार्मिक समारंभात वाजवलेल्या गाण्याला परवानगी लागत नाही आणि लग्नाची वरात, लग्नानिमित्तचे इतर सामाजिक सोहळे हे सगळं कायद्याने त्यातच धरलंय. हॉटेलात आणि हॉलमध्ये होणाऱ्या लग्नांचं काय, यावर कोर्टात भांडणं झाली, गोव्यात तर सरकारी परिपत्रकच हायकोर्टात गेलं. पण गल्लीतल्या मांडवातली हळद फुकटच. म्हणजे अण्णांचं एकमेव चाललेलं गाणं नेमकं जिथे चालतं, तिथून दमडी येत नाही. यूट्यूबवरून काय येईल ते दादांच्या चॅनलवर येतं, त्यातलं अण्णांपर्यंत काय पोचतं यावर सध्या दोघांच्या बैठका चालू आहेत. बैठकीला दादा ताजी कोळंबी घेऊन येतात आणि विषय तिकडेच जातो.

तिसऱ्या दिवशी मात्र अण्णा धावतच आले. टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं टिकतो. लेखक कोण हे त्या मुदतीत उघड केलं, तर तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. अण्णांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला होता. समजा आणखी वीस वर्षं जगलो, म्हणाले, तर गुपित ठेवल्याने वीस वर्षांचं नुकसान. “उघड करायलाच पाहिजे,” ते म्हणाले. “कायद्याचाच तसा आग्रह आहे. मी माझ्या तोंडाने सांगणं बरं दिसत नाही. तुम्ही लिहिता, तुम्ही छापा.” मी विचारलं, भिशीचं काय? त्यांनी हात झटकला. भिशीतल्या बायकांनी गाणं कधीच पाठ केलं होतं.

तेव्हा अण्णांच्या वतीने इथे जाहीर करतो, की दर्यासारंग म्हणजे आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे, वीज मंडळातून निवृत्त झालेले अण्णाच. यंदा घरात लग्न असेल तर हळदीला गाणं खुशाल लावा, परवानगी लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. फक्त सुरू करण्याआधी माइकवरून गीतकाराचं नाव घ्या.